चुन्याशिवाय उभी वीट

मध्य व्हिएतनाममध्ये, होई आनहून तासाभराच्या वाटेवर, डोंगरांच्या कोंडाळ्यात एक लहानशी दरी आहे. जेमतेम दोन किलोमीटर रुंद. तिथल्या दाट रानात लाल विटांची शिखरं उभी आहेत. हे मी सन, चंपा राज्याचं शिवक्षेत्र. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मन याने इथे लिंग स्थापलं आणि त्याला नाव दिलं भद्रेश्वर: राजाचं नाव आणि ईश्वर एकाच शब्दात! ते पहिलं लाकडी देऊळ जळालं. सातव्या शतकात शंभुवर्मनने ते पुन्हा उभारलं आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. पुढेही कित्येक शतकं इथे देवळं उठत राहिली, संस्कृतात शिलालेख कोरले जात राहिले.

पण मला खिळवून ठेवते ती वीट. भिंतीला नाक लावून पाहिलं तरी दोन विटांमधली दर्ज सापडता सापडत नाही. हेमाडपंती देवळांत चुना नसतो हे आपण शाळेत शिकतो; तिथे दगडाचं वजन आणि खाचा सगळं धरून ठेवतात. इथे तर नुसती वीट! आतून पाहावं तर प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवत छत मिटवलंय, खरी कमान कुठेच नाही. आणि नक्षी भिंत उभी राहिल्यावर कोरलेली: अप्सरेचा एकच हात चार-पाच विटांवरून सलग वळत जातो.

मग हे चिकटलं कशाने? कुणी म्हणतं विटेच्याच मातीचा पातळ लेप, कुणी म्हणतं झाडाची राळ. तिथल्या ‘झाउ राय’ झाडाची राळ कोळी आजही बांबूच्या होड्यांच्या फटी बुजवायला वापरतात, त्यामुळे मला हा दुसरा तर्क फार मोहात पाडतो. अभ्यासकांचं मात्र एकमत नाही. शतकानुशतकांच्या पावसानंतरही जुनी वीट लालच आहे. विसाव्या शतकातल्या डागडुजीच्या काही विटांवर मात्र शेवाळ चढलं, क्षार फुटले.

१९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात इथलं सर्वांत देखणं देऊळ, ए-१, कोसळलं. तो ढिगारा बघताना घशात काहीतरी अडकतं. देवळांच्या त्याच ए गटात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं काम करत होती. २०२० मध्ये त्यांना मातीखाली नवव्या शतकातलं, एकाच वालुकाश्मातून घडवलेलं शिवलिंग सापडलं. अखंड.