सनदेची शाळा आणि वस्तीचा वाटा

शाळा सुटण्याच्या वेळी बडोद्याच्या निजामपुऱ्यात थोडा वेळ उभे राहावे. फत्तेगंज मागे टाकून छाणीच्या दिशेने जाणारा हा भाग. विद्यापीठाचा परिसर जवळ, नवायार्डाची रेल्वे-वस्तीही जवळ आणि छाणीपलीकडे १९६२ साली स्थापन झालेल्या खत कंपनीची वसाहत. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आला आणि नोकरीच्या शोधात आलेली कुटुंबे शहराच्या ह्या उत्तर-पश्चिम अंगाला पसरत गेली. गायकवाडीच्या काळापासून येथे राहिलेली मराठी घराणी, खेडा व पंचमहालातून आलेले गुजराती, आणि त्यानंतर आलेले हिंदीभाषक व दाक्षिणात्य अशा सर्वांची मुले एकाच रस्त्याने दप्तरे सांभाळीत घरी जात असतात. मराठी घरातील मूल आईशी मराठीत बोलते, दारावरच्या भाजीवाल्याशी गुजरातीत, खेळताना हिंदीत, आणि शाळेचा अभ्यास बहुधा चौथ्याच भाषेत करते. त्याला ह्याचे काहीच वाटत नाही. आश्चर्य वाटते ते आपल्याला.

ह्या मुलांच्या शाळांकडे पाहून एक प्रश्न मला नेहमी पडतो. शाळा कोणाची? इमारत नगरपालिकेची असेल वा एखाद्या मंडळाची असेल, शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येत असेल वा पालकांच्या फीमधून. परंतु ती ज्या वस्तीत उभी आहे त्या वस्तीचे तिच्याशी नाते काय?

अमेरिकेत ह्या प्रश्नातून एक नवा प्रकार निघाला. त्याला तेथे चार्टर शाळा म्हणतात. आपण सनदेची शाळा म्हणू. शिक्षकांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ साली ही कल्पना एका भाषणात मांडली. काही शिक्षकांनी एकत्र यावे, प्रचलित शाळेत ज्या मुलांचे भले होत नाही त्यांच्यासाठी निराळ्या पद्धतीची शाळा काढण्याची लेखी सनद मागावी, आणि ठरलेल्या मुदतीनंतर कामाचा हिशेब द्यावा, असा तिचा मूळ अर्थ होता. १९९१ साली मिनेसोटा राज्याने तसा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. शिक्षण अर्धवट सोडलेल्या तरुणांसाठी ती होती. आज त्या देशात पस्तीस लाखांहून अधिक मुले अशा शाळांत शिकतात. पैसा सरकारचा, व्यवस्था खाजगी मंडळाची, फी नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत, आणि सनदेची मुदत काही थोड्या वर्षांची. काम असमाधानकारक ठरले तर सनद रद्द होते व शाळा बंद पडते.

मोठ्या शहरांतील अशा अनेक शाळा गरीब वस्त्यांत आहेत. तेथील विद्यार्थी इतर शाळांपेक्षा अधिक तास शाळेत असतो. वस्तीतल्या वृद्धांना मदत, बागेची निगा, लहान मुलांना वाचून दाखवणे अशा कामांचे ठरावीक तास भरल्याखेरीज कित्येक ठिकाणी त्याचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. पालकांनाही प्रवेशाच्या वेळी आपण काय करू ह्याचे वचन द्यावे लागते. हे ऐकायला चांगले वाटते. परंतु स्वतः शँकर पुढे ह्या चळवळीवर नाराज झाले, कारण शिक्षकांच्या हाती जायची असलेली सत्ता चालक-कंपन्यांच्या हाती जाताना त्यांना दिसू लागली. मला आणखी एक शंका आहे. शाळा अयशस्वी ठरली म्हणून बंद करणे कागदावर सोपे असते. पण त्या दिवशी आठवीत असलेल्या मुलाने काय करायचे?

आपल्याकडे ही कल्पना अगदी परकी आहे असे मात्र नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून ब्रिटिश हिंदुस्थानात खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आले, आणि आज आपण जिला अनुदानित शाळा म्हणतो ती व्यवस्था त्याच मुळातून वाढली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने त्याला मुलांच्या श्रमाची जोड दिली. कमवा आणि शिका हे शब्द महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाहीत. अमेरिकन नमुन्याच्या अधिक जवळचा प्रयोग पाहायचा तर आकांक्षा ह्या संस्थेचा घ्यावा. १९९१ साली मुंबईत वस्तीतील मुलांच्या वर्गांपासून तिचे काम सुरू झाले, आणि पुढे महापालिकांशी करार करून पालिकेच्या इमारतींत ती पूर्ण शाळा चालवू लागली. इमारत पालिकेची, शिक्षक व मुख्याध्यापक संस्थेचे, आणि मुलाकडून फी नाही. मुंबई-पुण्यापाठोपाठ नागपूरलाही अशा शाळा निघाल्या.

बडोद्याचा इतिहास मात्र ह्या साऱ्यापेक्षा निराळा आहे, आणि आपल्या प्रश्नाला तो अधिक उपयोगी आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक मंजूर झाले नाही, ही गोष्ट निराळी. सक्तीच्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. दंड भरायचा कोणी? ज्याचे मूल गुरे राखीत होते, त्याने. म्हणजे शाळा गावात आली, पण गावाने ती आणली नाही. ती दरबारची शाळा राहिली.

ग्रंथालयांच्या बाबतीत त्याच महाराजांनी वेगळी रीत घातली. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि राज्यभर वाचनालयांचे जाळे विणायला प्रारंभ केला. त्या योजनेत गावाला फुकट काही मिळत नव्हते. गावकऱ्यांनी आपसात वर्गणी जमवून एक हिस्सा उभा करायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. गावाने आपला वाटा उचलला नाही तर सरकारचाही नाही. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने मित्रमंडळ वाचनालये काढून ह्या कामाची जमीन आधीच नांगरून ठेवली होती. वर्गणी दिलेला शेतकरी वाचनालयाचा दरवाजा बंद दिसला की चौकशी करीत असणार, हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही; ज्यात आपला रुपया आहे तेथे मनुष्य डोकावतोच.

तरीही वस्ती हा शब्द भाबडेपणाने वापरू नये. निजामपुऱ्यापासून फार लांब नसलेल्या कमाठी बागेत १९१७ साली एक तरुण तासन्‌तास बसून होता. ह्याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली तो कोलंबिया विद्यापीठात गेला होता आणि करारानुसार राज्याची नोकरी करायला परत आला होता. पारशी नाव सांगून तो ज्या धर्मशाळेत उतरला तेथून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढले, आणि शहरात दुसरे कोणी जागा देईना. डॉक्टर आंबेडकरांना दरबारने शिक्षण दिले. वस्तीने खोली दिली नाही. शाळा वस्तीच्या हवाली करा असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा वस्तीतील कोणाच्या, हे विचारून घ्यावे लागते.

ह्या दोन अनुभवांचे उत्तर आजच्या कायद्यात आहे, पण ते फार थोड्या पालकांना ठाऊक असते. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामावर देखरेख करणे, विकासाचा आराखडा तयार करणे, आलेले अनुदान कोठे खर्च झाले ते पाहणे ही तिची कामे. केंद्राच्या आदर्श नियमांत तर शाळेतील मुलांनाही समितीवर घेता येईल अशी सोय आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांतील आणि भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांतील समिती केवळ सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही. म्हणजे पंचवीस टक्के राखीव जागांतून तेथे गेलेल्या गरीब मुलाच्या आईला सभेत बसण्याचा कायदेशीर हक्क नाही. ही उणीव मोठी आहे.

आणि जेथे हक्क आहे तेथे काय होते? एका शाळेच्या अशा सभेला मी बसलो होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, तशा अनेक असतील. चहा आला, नोंदवही फिरली, प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही केली वा अंगठा उमटवला, आणि वीस मिनिटांत इतिवृत्त पूर्ण झाले. लोक उठू लागले तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई हळूच म्हणाल्या, "मुलींच्या संडासाला कुलूप का असतं?" त्या चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, एक खाडा करून आलेल्या. खोलीत कोणी काही बोलेना. मग कोणी म्हणाले, पाणी पुरत नाही. कोणी म्हणाले, मुली घाण करतात. बाईंनी पुन्हा विचारले, "मग माझ्या मुलीनं जायचं कुठं?" सहावीतली त्यांची मुलगी सकाळपासून पाणीच पीत नव्हती आणि महिन्यातून चार दिवस घरी राहत होती. पुढच्या सभेपर्यंत किल्ली सातवीच्या दोन मुलींकडे आली होती. टाकीत पाणी भरले की नाही ते पाहण्याचे काम आठवीच्या मुलांनी मागून घेतले. ते का, तर त्यांना तासातून उठून गच्चीवर जायला मिळे! हेतू कसाही असो, टाकी रिकामी राहिली नाही.

मुलांना वस्तीच्या कामात घ्यायचे म्हणजे काय, हे मला त्या गच्चीवरच्या मुलांकडून कळले. प्रभातफेरीत फलक धरायला लावणे हा सहभाग नव्हे. प्रवेशोत्सवाच्या दिवशी नव्या मुलांना गुलाब देणे गोड आहे, पण ते एका सकाळचे काम. शाळा ज्या प्रश्नांनी अडते त्यांतला एखादा खरा प्रश्न मुलांच्या हाती दिला, आणि तो त्यांनी चुकत-माकत सोडवला, तर त्यांना शाळा आपली वाटू लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा घरे सोडून निघालेल्या लोकांना आसरा हवा होता. अशा वेळी वस्तीला शाळेच्या खोल्या आठवतात. त्या खोल्यांचे कुलूप कोणाकडे असते, टाकी कोठे आहे, कोणत्या वर्गात पाणी गळते, हे मुलांइतके कोणाला ठाऊक असणार?

बडोद्याच्या मराठी मंडळींना एक प्रेमाची तक्रार ऐकवतो. आपल्या गल्लीत गणपतीच्या मंडळाची पावती फाडायला दहा तरुण निघतात, मांडवाचा हिशेब पैशापर्यंत चोख लागतो, आणि विसर्जनाच्या वाटेवर कोणी कोठे उभे राहायचे हे आधी महिनाभर ठरते. नवरात्रात गरब्याच्या मैदानाची व्यवस्था शेजारचे गुजराती बंधू तितक्याच शिस्तीने करतात. संघटना करता येत नाही असे आपण म्हणू शकत नाही. ह्याच तरुणांच्या मुलांची शाळा पाचशे पावलांवर असते, आणि तिच्या समितीवर आपले नाव आहे हे काहींना व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीवरून कळते.

मराठी माध्यमाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने, जे १९५६ च्या दुरुस्तीने आले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असे सांगितले आहे. सोय सरकारने करायची खरी, परंतु वर्ग चालतो तो मुलांच्या संख्येवर. गायकवाडीच्या राजधानीत मराठी वर्ग ओसरत गेले, ते कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. आपणच आपली मुले तेथून काढली. त्यात पालकांचे चुकले असे मी म्हणत नाही. गुजरातेत नोकरी करायची, मुलाने इंग्रजी शिकावे असे वाटते, आणि घरी मराठी आहेच, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण ज्यांनी मुले काढून नेली नाहीत, कारण त्यांना दुसरीकडे नेणे परवडत नव्हते, त्यांची मुले पंधरा जणांच्या, मग नऊ जणांच्या, मग जोडवर्गात बसली. सनदेची शाळा मुदत संपली की बंद होते. अशी शाळा मुदतीवाचून बंद होते, आणि तिच्या बंद होण्याची सभा कोणी बोलावीत नाही.

व्यवस्थापन समितीची फेररचना दर दोन वर्षांनी व्हावी असे आदर्श नियमांत आहे. आपल्या मुलाच्या, किंवा घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीच्या शाळेत ती शेवटची केव्हा झाली, हे मुख्याध्यापकांना विचारता येते. सभेची तारीख फळ्यावर लिहिलेली नसेल, तर ती लिहिण्याचे काम सातवीच्या एखाद्या मुलाकडे मागावे. तो आनंदाने लिहील, आणि अक्षर बहुधा आपल्यापेक्षा चांगले असेल.