खापर आंब्याच्या डोक्यावर

मे महिन्यात कुणाच्या मानेवर गळू उठलं, कुणाचा घोळणा फुटला, कुणाला उन्हाळी लागली, कुणाच्या पापणीवर रांजणवाडी आली, की निदान ठरलेलं असतं : "आंबे खाल्लेस ना? उष्णता झाली." हे निदान शेजारच्या काकू करतात, रिक्षावाले करतात, औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला मुलगाही करतो. प्रश्न एकच, आणि मे महिन्यातल्या महाराष्ट्रात त्याला "हो" सोडून दुसरं उत्तर काय मिळणार? ज्याला काहीच झालेलं नाही त्यानंही आंबे खाल्लेलेच असतात. पण त्याला कुणी विचारायला जात नाही, आणि आंब्यावरचा आरोप दर वर्षी सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

उन्हाळ्यातल्या खाण्यापिण्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. पण आंब्याच्या उष्णतेइतका चिवट दुसरा नाही, म्हणून आधी त्याच्याकडे नीट पाहू.

उष्णता मोजून पाहू

माणसाच्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस ते सांभाळतो. ते वाढायला लागलं की त्वचेकडे रक्त वळवतो, घाम काढतो. खाल्लेलं अन्न पचवताना शरीरात थोडी उष्णता तयार होते, हे खरं. पण ती कोणत्याही अन्नाची होते, आणि ती मोजता येते.

मध्यम हापूसचा गर १५० ग्रॅम धरा. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ६० किलोकॅलरी ऊर्जा असते आणि ८० टक्क्यांहून जास्त पाणी. म्हणजे एका फळामागे ९० किलोकॅलरी. कर्बोदकं पचवताना त्यांतल्या ऊर्जेचा ५ ते १० टक्के भाग उष्णतेच्या रूपानं बाहेर पडतो. आंब्याच्या वाट्याला आले जास्तीत जास्त ९ किलोकॅलरी. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबानं एका आंब्याची सगळी 'उष्णता' घालवायला एक मोठा चमचाभर घाम पुरतो.

तुलनेसाठी, साठ किलो वजनाचा माणूस तासभर झपाट्यानं चालला तर त्याच्या शरीरात दोनशे किलोकॅलरींच्या आसपास उष्णता तयार होते, डोक्यावरचं ऊन वेगळंच. म्हणजे आंबा खाण्यापेक्षा तो आणायला भर दुपारी मंडईत जाणं कितीतरी पटींनी उष्ण ठरतं. आणि पचनाच्या उष्णतेलाच धरून बसायचं तर पहिला नंबर प्रथिनांचा लागतो, कारण त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग पचवण्यातच खर्च होतो. पण "पनीर खाल्लंस ना, म्हणून गळू झालं" असं म्हणणारी काकू अजून भेटायची आहे.

मग गळवं येतात कशानं?

उन्हाळ्यानं. हे उत्तर इतकं साधं आहे की कुणाला पटतच नाही. घामाच्या नलिकांची तोंडं बुजली की घामोळं येतं. ओलसर, घासल्या जाणाऱ्या त्वचेवर जिवाणू फोफावतात, ते केसाच्या मुळात शिरले की केसतोड किंवा गळू होतं. हे जिवाणू बहुतेकदा स्टॅफिलोकोकस जातीचे असतात, आणि ते हापूस-पायरी बघून येत नाहीत. रांजणवाडीही पापणीच्या ग्रंथींना झालेला असाच जंतुसंसर्ग.

घोळणा फुटतो तो बहुधा कोरड्या हवेमुळे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळी झळांनी नाकातलं नाजूक अस्तर सुकतं, तडकतं, मग शिंकरताना किंवा बोट लागून रक्त येतं. आणि उन्हाळी लागते ती पाणी कमी पडल्यामुळे. घामावाटे पाणी जातं, लघवी कमी आणि दाट होते, जळजळते. या सगळ्या तक्रारी आंब्याच्या मोसमात वाढतात, कारण आंब्याचा मोसम म्हणजेच उन्हाळा. आंबा डिसेंबरात पिकला असता तर आपण सर्दीचं खापर त्याच्यावर फोडलं असतं.

इथे चिडायचं कारण एवढंच की या निदानापायी खरा उपाय बाजूला राहतो. उन्हाळी लागलेल्या मुलाचा आंबा बंद होतो, पण त्याची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते याकडे कुणाचं लक्ष नसतं. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी वाढवायचं, ही खूण कुठल्याही 'उष्ण-थंड' यादीपेक्षा भरवशाची आहे. पाणी वाढवूनही जळजळ राहिली किंवा ताप आला तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टरकडे जायचं, सब्जाच्या डबीकडे नाही.

मुरुमांबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण मुलांच्या आहारातला साखर-मैद्यासारख्या झटपट पचणाऱ्या कर्बोदकांचा भार बारा आठवडे कमी केला, तेव्हा मुरुमं कमी झाली. म्हणजे एकूण गोडाचा संबंध असू शकतो. पण मग बिस्किटं, थंड पेयं, आइस्क्रीम आणि साखर घातलेला आमरस हे सगळेच आरोपी होतात. एकट्या आंब्याला वेगळी शिक्षा देण्याचं कारण उरत नाही.

यात खरं काय आहे?

इतका जुना समज निव्वळ हवेतून येत नाही. याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती म्हणजे चीक.

आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि काजूच्या ओल्या बिया सोलणाऱ्या कोकणातल्या बायकांची बोटं पाहिली की त्या चिकाची ताकद कळते. आंब्याच्या देठाजवळच्या चिकात आणि सालीत त्याच जातकुळीची द्रव्यं असतात. काही जणांना त्यांची अ‍ॅलर्जी असते. ओठांभोवती, हनुवटीवर लाल पुरळ उठतं, खाज सुटते, कधी फोड येतात. ही अ‍ॅलर्जी लगेच उठत नाही, बऱ्याचदा दिवस-दोन दिवसांनी उठते. त्यामुळे "रविवारी आंबे खाल्ले, मंगळवारी उष्णता बाहेर पडली" असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. रायवळ आंबा तर आपण देठाकडून तोंडाला लावून चोखतो. पहिले दोन थेंब पिळून टाकायची जुनी सवय त्यासाठीच शहाणपणाची.

आंबे खाण्याआधी पाण्यात घालून ठेवण्याचंही असंच. "उष्णता पाण्यात उतरते" हे चूक. मोबाइलवर फिरणारा त्याचा नवा अवतार म्हणजे "फायटिक आम्ल निघून जातं". फायटिक आम्ल मुख्यतः धान्यं, कडधान्यं आणि तेलबियांत असतं. आंब्याची जाड साल ओलांडून गरातलं काही अर्ध्या तासात बाहेर येईल ही कल्पनाच गमतीची आहे. तरीही आंबे पाण्यात जरूर घाला. सालीवरचा चीक, धूळ आणि फवारणीचे अंश काही प्रमाणात धुतले जातात, आणि फळ गार लागतं. कृती बरोबर आहे, तिचं कारण तेवढं चुकीचं सांगितलं जातं. ज्याला चिकाचा त्रास होतो त्यानं देठाकडचा भाग कापून टाकावा, साल सोलून फोडी खाव्यात आणि हात धुवावेत.

"पण आयुर्वेदात सांगितलंय!"

काय सांगितलंय ते वाचलंय का? भावमिश्रांचा सोळाव्या शतकातला भावप्रकाश ग्रंथ घ्या. त्यातल्या निघंटूत पिकलेल्या आंब्याचे गुण दिले आहेत. तो गोड, जड, बल देणारा, आणि शीत. पित्त न वाढवणारा. पित्त वाढवणारी म्हणून तिथे नोंद आहे ती कोवळ्या कैरीची. आपण मात्र परंपरेच्या नावानं पिकल्या आंब्याला उष्ण ठरवतो आणि कैरीचं पन्हं 'थंड' म्हणून पितो. पन्हं प्यावंच, त्यात पाणी, मीठ आणि गूळ असतो, घामानं गेलेलं बरंचसं भरून येतं. पण हवाला द्यायचा तर ग्रंथ उघडून द्यावा.

आंबा बाधतो तो कधी?

जास्त खाल्ल्यावर. तीन वाट्या आमरस, वर साखर, तूप, सोबत तळलेल्या पुऱ्या आणि लगेच झोप, इतक्यानंतर पोट फुगलं, आंबट ढेकर आले, जुलाब झाले तर त्यात उष्णतेचा काय संबंध? आंब्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं, आणि एका वेळी फार फ्रुक्टोज आलं तर काहींच्या आतड्याला ते शोषता येत नाही. शिवाय सकाळी काढून ओट्यावर ठेवलेला रस मे महिन्यात दुपारपर्यंत जिवाणूंसाठी उत्तम खाद्य होतो. रस काढला की लगेच खावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा.

फळ कशानं पिकवलंय हाही प्रश्न आहे. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूला मात्र ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, आणि तो वायू पिकताना फळ स्वतःही सोडत असतं. तेव्हा 'इथिलीनवर पिकवलेला' म्हणजे विषारी, असं समजू नका.

नीट पिकलेला एखादा आंबा जेवणासोबत किंवा दुपारच्या खाण्यात घेतला तर तो चांगलं अन्नच आहे. १०० ग्रॅम गरात सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे प्रौढ बाईच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. त्या केशरी रंगातलं बीटा कॅरोटिन वेगळंच.

बाकीचे किरकोळ

"मधुमेह असेल तर आंब्याचं नाव काढायचं नाही." १०० ग्रॅम आंब्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, एका लहान फुलक्याइतकी. साखर आटोक्यात असेल तर एक फुलका कमी करून तेवढ्या फोडी खाता येतात, आपल्या डॉक्टरांना विचारून. आमरस मात्र नको.

"कलिंगडावर पाणी प्यायलं की कॉलरा होतो." कलिंगडातच ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्याचं काय करायचं? कॉलरा दूषित पाण्यातून आणि दूषित अन्नातून होतो. गाडीवर कापून उघड्या ठेवलेल्या फोडींची भीती बाळगा.

"अंडी उन्हाळ्यात वर्ज्य." एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं आणि ७० किलोकॅलरी. ऋतू बदलला म्हणून त्यात काही बदलत नाही.

"पुदिना थंड, मिरची गरम." हा आपल्या मज्जातंतूंना बसलेला चकवा. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला चाळवतं, पुदिन्यातलं मेंथॉल गारवा ओळखणाऱ्याला. मिरचीचा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. थर्मामीटरला यातलं काही जाणवत नाही.

"सब्जा पोटात गारवा करतो." सब्जा पाणी धरून फुगतो आणि चांगले तंतू देतो. तेवढ्यासाठी खावा.

"माठाचं पाणी औषधी असतं." माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळताना आतलं गार होतं, इतकंच. म्हणून नागपूरच्या कोरड्या हवेत माठ जसा गार होतो तसा मुंबईच्या दमटपणात होत नाही.

"उन्हाळ्यात चहा म्हणजे उष्णतेला आमंत्रण." ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की घाम वाळण्याजोगी हवा असेल तर गरम पेयानं शरीरात साठणारी उष्णता उलट थोडी कमी होते, कारण घाम जास्त येतो. दमट हवेत हा फायदा मिळत नाही.

"खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही." हा शेवटी ठेवला, कारण यात जीव जाऊ शकतो. मैदानी भागात ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश गाठल्यावरच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. तशा दिवशी उन्हात राबणाऱ्या माणसाचं बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजावा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर गेलेलं असू शकतं. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांदा नाकाला लावत मिनिटं वाया घालवू नका. तो चिरून भाकरीसोबत खायचा असतो.