वाकडीचा व्हिडिओ आणि कायदा शिकणारे आपले तरुण

जामनेर तालुक्यातील वाकडी येथे जून २०१८ मध्ये विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. पॉक्सो आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. एलएल.बी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे प्रकरण अभ्यासाला घ्यावे, कारण इथे कलमांच्या आधी स्वतःच्या मूल्यांशी गाठ पडते.

सुरुवात मोबाइलपासून. अन्याय दिसला की व्हिडिओ पुढे पाठवायचा, ही चळवळीची सवय. त्यामागे तळमळच असते. पण पॉक्सोचे कलम २३ पीडित बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई करते. नाव, छायाचित्र, घर, शाळा, काहीच नाही. राहुल गांधी यांनी तो व्हिडिओ ट्विट केल्यावर राज्य बालहक्क आयोगाने त्यांना नोटीस काढली होती. करुणा मानणाऱ्याने त्या मुलाच्या जागी उभे राहावे. मोठेपणी हा व्हिडिओ त्याच्यासमोर आला तर त्याला काय वाटेल?

आणि उद्या अशाच प्रकरणातला आरोपी वकीलपत्र घेऊन आपल्याकडे आला तर? ‘मी घेणार नाही’ हे उत्तर लगेच येते. विशेष कारण असेल तर वकिलाला नकार देता येतो. मात्र आरोपी दोषी आहे असे वैयक्तिक मत असले तरी त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिलचा नियम सांगतो. कोणीच त्याचे वकीलपत्र घेऊ नये असे बार असोसिएशनचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी प्रकरणात २०१० साली रद्दबातल ठरवले. एकट्याचा नकार वेगळा आणि सगळ्यांनी मिळून टाकलेला बहिष्कार वेगळा. हा फरक आपल्याला तरी समजावून सांगावा लागू नये. बाबासाहेबांनीही १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चे र. धों. कर्वे यांचा अश्लीलतेचा खटला लढवला, समाज कर्व्यांच्या विरोधात असताना. चौथे शील बचावाच्या आड येत नाही. ते खोटा साक्षीदार उभा करण्याच्या आड येते.

सर्वांत अवघड पेच मात्र आपल्याच बाजूला असतो. गावात राहायचे, त्याच शेतांवर मजुरीला जायचे, म्हणून पीडित कुटुंब मिटवून घ्या म्हणते. कार्यकर्त्याला लढायचे असते. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दोन्ही पक्षांनी बसून मिटवण्याजोगा नाही, हे खरे. पण भ्यालेल्या आईला स्वाभिमानाचे भाषण ऐकवणे म्हणजे वकिली नव्हे. तिला कलम १५-अ वाचून दाखवा: साक्षीदारांना संरक्षण, तपास व सुनावणीसाठी प्रवास आणि निर्वाहखर्च, गरज पडल्यास पुनर्वसन, आरोपीच्या जामिनावर म्हणणे मांडण्याचा हक्क. मग त्या संरक्षणाचा अर्ज तिच्यासोबत बसून लिहा.