फिलोडेंड्रॉन

फिलोडेंड्रॉन : एकदलिकित फुलझाडांपैकी सुरण कुलातील (अळू, सुरण, शेवळा इत्यादींच्या कुलातील) एक मोठा वंश. यात ५०० हून अधिक जाती असून त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आहेत. मेक्सिको व कॅरिबियन बेटांपासून दक्षिणेस ब्राझील व उत्तर अर्जेंटिनापर्यंत त्यांचा प्रसार आहे. वंशाचे नाव ‘वृक्षप्रेमी’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्रिख व्हिल्हेल्म शॉट यांनी १८२९ मध्ये दिले. बहुतेक जाती वृक्षांच्या आधाराने वाढतात, त्यावरून ते पडले. पानांच्या शोभेकरिता यांतील अनेक जाती व संकरज प्रकार जगभर घरात कुंड्यांतून लावले जातात.

शारीरिक लक्षणे : बहुतेक जाती आरोही वेली किंवा अपिवनस्पती (दुसऱ्या झाडाच्या केवळ आधारावर वाढणाऱ्या) आहेत, काही जमिनीवर सरपटतात, तर काहींचे खोड आखूड असते. पेऱ्यांपासून दोन प्रकारची वायवी मुळे फुटतात : आखूड मुळे सालीला घट्ट धरून ठेवतात, तर लांब मुळे खाली जमिनीपर्यंत पोहोचून पाणी शोषतात. पाने साधी, एकाआड एक, अखंड, खंडित किंवा हस्ताकृती असतात. बहुतेक जातींत कोवळे पान प्रथम एका पातळ खवल्यासारख्या आवरणात गुंडाळलेले असते. पान उलगडल्यावर ते आवरण वाळून गळते किंवा खोडास चिकटून राहते. एकाच वेलीची कोवळ्या अवस्थेतील व प्रौढावस्थेतील पाने आकाराने व रूपाने फार भिन्न असू शकतात. कुंडीत बहुधा कोवळी अवस्थाच पाहावयास मिळते. वेलीस आधार मिळून ती वर चढू लागली की, पाने उत्तरोत्तर मोठी होतात. लोंबत सोडलेल्या वेलीची पाने लहानच राहतात. फुलोरा स्थूलकणिश प्रकारचा असून त्याभोवती होडीच्या आकाराचा महाछद असतो. कुंडीतील झाडांना तो क्वचितच येतो.

नामसाम्य व घोटाळे : महाराष्ट्रात ‘मनी प्लँट’ या नावाने घरोघरी लावली जाणारी सोनेरी ठिपक्यांची वेल फिलोडेंड्रॉन नव्हे, ती एपिप्रेम्नम ऑरियम ही त्याच कुलातील पॉलिनीशियातील जाती होय. हृदयाकृती पानांचे फि. हेडेरॅसियम हिच्याशी सहज गल्लत होण्याइतके सारखे दिसते आणि अनेक रोपवाटिकांत त्याच नावाने विकलेही जाते. मनी प्लँटच्या देठाला वरच्या बाजूस पन्हळ असते, पान जाड व मेणचट असते आणि नवे पान आधीच्या पानाच्या देठावरील आवरकातून बाहेर येते. फि. हेडेरॅसियमचे देठ बारीक व बहुतांशी गोल असते, पान पातळ असते आणि नवे पान वर उल्लेखिलेल्या स्वतंत्र आवरणातून निघते. पानांना भोके व चिरा असलेली मॉन्स्टेरा डेलिसिओसा ही जातीही पूर्वीपासून फिलोडेंड्रॉन म्हणून विकली जाते. तिचाही वंश वेगळा आहे. ‘सेलोअम’ या नावाने उद्यानांत परिचित असलेली मोठी झुडपासारखी जाती व तिच्या गटातील इतर जाती २०१८ मध्ये थॉमॅटोफायलम या वंशात घालण्यात आल्या. सेलोअमचे कणिश फुलताना आतील चरबी जाळून उष्णता निर्माण करते. बाहेर ४° से. इतकी थंडी असतानाही त्याचे तापमान ३८° से. च्या आसपास राहते, असे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. या उष्णतेमुळे सुगंध पसरून परागण करणारे भुंगेरे आकर्षिले जातात.

प्रकारांची निवड : निवड सामान्यतः पानाचा रंग पाहून केली जाते, तथापि झाडाची वाढीची सवय आधी पाहणे अधिक हिताचे असते. जागा, कुंडी व आधार या तिन्ही गोष्टी तीवरच अवलंबून असतात. या दृष्टीने तीन गट पडतात.

(१) आरोही प्रकार : फि. हेडेरॅसियम सर्वांत सोशिक असून कमी उजेडातही तग धरते. ‘ब्रासील’ (पानावर पिवळसर पट्टा) व ‘मायकन्स’ (मखमली, तांबूस छटेचे पान) हे त्याचे लोकप्रिय प्रकार होत. कोलंबियातील फि. एरुबेसेन्सची खोडे व देठ तांबूस असून पाने मोठी व चकचकीत असतात. फि. मेलॅनोक्रायसम ही त्याच देशातील काळपट मखमली पानांची जाती देखणी आहे. परंतु तिला सतत दमट हवा लागत असल्याने नवशिक्याने ती घेऊ नये.

(२) सरपटणारे प्रकार : फि. ग्लोरिओसमचे जाड खोड जमिनीवर आडवे वाढते व पांढऱ्या शिरांची मोठी पाने वर येतात. त्यास खांब देणे व्यर्थ असते; रुंद, उथळ कुंडी द्यावी आणि खोड मातीत पुरू नये, अन्यथा ते कुजते.

(३) आखूड खोडाचे प्रकार : यांची पाने एका जागी गुच्छाने येतात व त्यांना आधाराची गरज नसते. ‘इंपीरियल ग्रीन’, ‘प्रिन्स ऑफ ऑरेंज’, ‘मूनलाइट’ व पांढऱ्या रेघांचा ‘बर्किन’ हे प्रकार लहान सदनिकेस योग्य होत. सेलोअमचा विस्तार मात्र दोन ते तीन मी. होतो, त्यामुळे तो दिवाणखान्यापेक्षा अंगणात शोभतो. त्याच्या आप्तांपैकी ‘झनाडू’ आटोपशीर असते.

रंगीत पानांच्या महागड्या प्रकारांबाबत विशेष सावध राहावे लागते. ‘पिंक प्रिन्सेस’चा गुलाबी रंग एकाच झाडात दोन प्रकारचे ऊतक मिसळल्यामुळे येतो. हे मिश्रण अस्थिर असल्याने काही फांद्या पूर्ण हिरव्या, तर काही पूर्ण गुलाबी होतात. गुलाबी भागात हरितद्रव्य नसल्याने पूर्ण गुलाबी फांदी स्वतःचे पोषण करू शकत नाही. म्हणून दोन्ही रंग खोडावरही दिसत असतील असेच रोप घ्यावे आणि एकरंगी वाढ संमिश्र पानाच्या पेऱ्यापर्यंत छाटावी. ‘पिंक काँगो’ या नावाने विकलेल्या रोपांतील गुलाबी छटा आनुवंशिक नसते. ती कृत्रिम उपायाने आणलेली असून काही महिन्यांत नवी पाने हिरवी येऊ लागतात. त्यात झाडाची काळजी घेणाऱ्याचा दोष नसतो.

लागवड व निगा : अरण्यात या वेली वृक्षांच्या सालीवर, गाळून आलेल्या उजेडात व मोकळ्या हवेत मुळे ठेवून वाढतात, लागवडीचे बहुतेक नियम यातूनच निघतात. खिडकीजवळचा भरपूर पण अप्रत्यक्ष प्रकाश सर्वोत्तम असतो. दुपारच्या उन्हाने पाने करपतात, तर फार अंधारात कांडी लांबतात व रंगीत पाने हिरवी होतात. माती भुसभुशीत हवी : काथ्याचा भुसा, पालापाचोळ्याचे खत, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे व थोडा कोळसा यांचे मिश्रण चांगले. कुंडीस तळाशी छिद्र असावे. वरची दोन ते तीन सेंमी. माती सुकल्यावरच पाणी द्यावे. घरातील फिलोडेंड्रॉन पाण्याच्या अभावापेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात, कारण मुळांना हवा न मिळून ती कुजतात. कुजणाऱ्या मुळांमुळे पाने मलूल दिसतात व ती पाहून आणखी पाणी घातले जाते. यासाठी पाणी देण्यापूर्वी बोटाने माती चाचपणे आवश्यक असते.

१८° ते २७° से. तापमान मानवते. कोकणात पावसाळ्यात हवा दमट असल्याने पाणी बरेच कमी करावे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यातील कोरड्या झोतांपासून रोपे दूर ठेवून अनेक कुंड्या एकत्र मांडाव्यात. थंडीत तापमान १२° से. खाली जात असल्यास गच्चीतील रोपे रात्री आत घ्यावीत. आरोही प्रकारांना काथ्या किंवा शेवाळ गुंडाळलेला खांब देऊन तो ओलसर ठेवल्यास मुळे त्यात शिरतात. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा सौम्य द्रवखत पुरते.

अभिवृद्धी छाट कलमांनी सहज होते. दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा पाण्यात किंवा ओल्या वाळूत ठेवल्यास तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. पेरे नसलेल्या नुसत्या पानापासून नवे झाड होत नाही. जाड खोडाच्या जातींना गुटी कलम करतात. व्यापारी प्रमाणावर ऊतकसंवर्धनाने रोपे तयार होतात. त्यामुळे एकेकाळी दुर्मिळ असलेले प्रकार स्वस्त झाले आहेत.

पिठ्या ढेकूण, खवले कीड व कोरड्या हवेत लाल कोळी यांचा उपद्रव होतो. पाने ओल्या फडक्याने नियमित पुसावीत. कीड दिसल्यास साबणाचे सौम्य पाणी किंवा कडुनिंबाचे तेल मिसळलेले पाणी वापरावे. पाणचट, दुर्गंधीयुक्त डाग जंतुजन्य कुजीचे असतात. असा भाग कापून नष्ट करावा.

विषारीपणा व समजुती : अळू-सुरणाप्रमाणेच याच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची व घशाची आग होऊन सूज येते. अळू शिजवून व आंबट घालून खाल्ले जाते म्हणून हेही खाद्य असावे असे समजू नये. रांगती मुले, मांजरे व कुत्री असलेल्या घरात लोंबत्या वेली त्यांच्या आवाक्याबाहेर टांगाव्यात. छाटणीनंतर हात धुवावेत.

घरातील हवा शुद्ध करणारी वनस्पती म्हणूनही याची ख्याती आहे. तिचा उगम मुख्यतः अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान बंदिस्त कक्षांत झाले होते. अशा अनेक प्रयोगांच्या २०१९ मधील आढाव्यानुसार, सामान्य वायुवीजनाइतका परिणाम साधण्यास दर चौ. मी. जागेत १० ते १,००० झाडे ठेवावी लागतील. तेव्हा हवेच्या शुद्धतेसाठी खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय होय. फिलोडेंड्रॉनचे मोल त्याच्या पर्णशोभेत व थोड्या निगेवर अनेक वर्षे टिकण्याच्या गुणात आहे.