स्टाफरूममधला रक्तदाब

दोन महिन्यांपूर्वी एक तरुण प्राध्यापक दवाखान्यात आले. डोके दुखते, छातीत जळजळ, पहाटे 3 ला जाग. रक्तदाब 160/100. तंबाखू नाही, खर्रा नाही (आपल्या भागात हे विचारावेच लागते). रविवारी मोजला तर 134/86, सोमवारी पुन्हा चढलेला. सोमवारी काय असते, असे विचारले. मान खाली घालून म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, विभागाची बैठक असते.’’

बैठकीत विभागप्रमुख सर्वांदेखत विचारतात, तुम्हाला पदवी दिली कुणी? दारात विद्यार्थी उभे. हे गृहस्थ तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी नेमणूक हवी, म्हणून तोंड उघडायची सोय नाही.

अपमान झाला की अॅड्रिनलिन वाढते, नाडी धावते, रक्तवाहिन्या आकसतात. ताडोब्यात वाघ समोर आला तर हे कामाचे. पण वाघ निघून जातो, विभागप्रमुख दर सोमवारी असतात!

आमच्या डॉक्टरकीत तर ओरडणे म्हणजेच शिकवणे, असा समज. हाऊसमन असताना एका वरिष्ठाने रुग्णासमोर केसपेपर माझ्या अंगावर फेकला होता. पुढे मीही कंपाउंडरवर तसाच ओरडलो. त्याचा हात थरथरला, तेव्हा मला माझाच हात आठवला. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळत, असा आरोप घरच्यांनी केला. प्रकरण न्यायालयात गेले.

ओरडणाऱ्यालाही तपासावे, असे माझे मत आहे. कमी ऐकू येणारा मोठ्याने बोलतो, थायरॉईड वाढलेला लवकर चिडतो, रात्रभर घोरणारा दिवसा वैतागतो. अर्थात आजार सापडला म्हणून झालेला अपमान पुसला जात नाही.

प्राध्यापकांना गोळी सुरू केली आणि एक वही करायला सांगितली: तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर कोण. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले तर वहीवर थांबू नये; ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

त्यांच्या विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ती वही वाचली. बैठक संपून सगळे गेल्यावर त्या मागे थांबल्या आणि प्रमुखांना दाराआड दोन प्रसंग तारखेसकट सांगितले. ते म्हणे बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘मी असं बोललो?’’

गोळी अजून चालू आहे. गेल्या सोमवारी बैठकीतून उठून प्राध्यापक थेट माझ्याकडे आले. 138/88.