गवताची कापणी : वजन पाहावें कीं कस?

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्व भागांत, म्हणजे माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांत, डोंगरी गवत दिवाळी उलटल्यावर कापण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. तोंपर्यंत गवत उंच होतें, पेंढ्या अधिक निघतात, आणि सौदाही पेंढ्यांवरच होतो. महसूल खात्याच्या नोकरींत कुरणांचे हिशेब आम्हीं असेच लिहिले. परंतु पेंढ्या वाढल्या म्हणजे चारा वाढला असें नव्हे, हें खिलार जनावरें बाळगणाऱ्या वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.

कोंवळ्या गवतांत पाला अधिक व काडी थोडी असते. पोटरींतून तुरा निघूं लागला कीं तो तोलून धरण्यासाठीं काडी लांबते व ताठ होते. तिच्या पेशींच्या भिंती जाड होऊन त्यांत काष्ठद्रव्य भरतें. जनावराच्या पोटांतील सूक्ष्म जंतु कोंवळी भिंत फोडतात. काष्ठद्रव्यानें बांधलेली भिंत त्यांस फुटत नाहीं. शिवाय पानांतील सत्त्व बियांत उतरतें आणि बीं गळून मातीस मिळतें. आपल्या उष्ण हवेंत हें सारें फार लवकर घडतें. चाऱ्यांतील प्रथिनें शेंकडा ७ च्या खालीं गेलीं कीं त्या जंतूंचेंच पोषण नीट होत नाहीं. मग जनावर पोटभर खाऊनही खंगतें. वाळलेल्या कुसळींत हें प्रमाण बहुधा शेंकडा ४ हूनही कमी असतें. तिचीं अणकुचीदार कुसळें तोंडांत रुततात तें निराळेंच.

मग अगदीं कोंवळें गवत कापावें काय? तेंही हिताचें नाहीं. त्यांत पाणीच फार. वारंवार कापल्यानें मुळांतील सांठा संपून ठोंब अशक्त होतात. कोंवळ्या ज्वारींत तर विषारी द्रव्य असतें. ती फुलोऱ्यापूर्वीं घालूं नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या ‘फुले जयवंत’ या संकरित नेपिअर गवताची पहिली कापणी लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांनीं व पुढील कापण्या सहा ते आठ आठवड्यांनीं कराव्या.

मारवेल, पवना व कुसळी हीं फुलोऱ्यावर येतांच कापावीं. अडचण एवढीच, कीं हाच आपल्याकडील परतीच्या पावसाचा काळ, आणि भिजलेलें गवत काळें पडतें. म्हणून सारें कुरण एकदम न कापतां, उघाडी पाहून तुकड्यातुकड्यांनीं कापावें, आणि पाला झडण्यापूर्वीं पेंढ्या बांधाव्या. एक पट्टा मात्र बियांसाठीं राखावा, नाहींतर कुरण विरळ होईल. यंदां निदान एका तुकड्यावर हा प्रयोग करून, दोन्हीं प्रकारचें गवत एकाच गाईस आळीपाळीनें कांहीं दिवस घालावें व दुधाचें माप लिहून ठेवावें. कोणतें गवत अधिक किमतीचें, तें तो हिशेबच सांगेल.