पायाच्या नळीला टोक काढताना

नवी मुंबईत मटणाच्या दुकानात पाये मागितले, की दुकानदार पुढचं न विचारताच करतो. पाये जाळावर धरून केस जाळायचे, सत्तूरने तुकडे पाडायचे. म्हणून नेरुळच्या त्या हौशी गृहस्थाला आधीच सांगावं लागतं, "दादा, भाजू नका, तोडूही नका. अख्खे द्या."

"मग सूप कशाचं करणार?"

आदिमानवासारखी आरी करायची आहे, हे गर्दीच्या रविवारी काउंटरवरून समजावणं अवघड. गृहस्थ हसून पैसे देतात.

त्यांना हवी असते खुराच्या वरची नळी. बोकडाच्या पायात इथे दोन हाडं एकजीव झालेली असतात आणि त्या जोडाची खूण म्हणून मधोमध एक उभी पन्हळ राहते. नळी चिरायची रेघ अशी आयतीच आखून मिळते. जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत जगभर या हाडाच्या आऱ्या वारंवार निघतात, त्यामागे ही सोय आहे.

हाड मात्र कच्चंच हवं. त्यात ढोबळमानाने दोन तृतीयांश खनिज आणि एक तृतीयांश कोलॅजन हे प्रथिन असतं. खनिजामुळे कडकपणा येतो, कोलॅजनमुळे चिवटपणा. कुकरच्या शिट्ट्यांबरोबर कोलॅजन रश्शात उतरतं. रस्सा झकास होतो, पण ते हाड हत्याराच्या कामातून जातं. टोक काढू जावं तर कपचे उडतात.

मांस आणि वरचा पातळ पापुद्रा खरवडून नळी पाण्यात भिजत ठेवली जाते. चिरायला पोलादी सुरी नाही, अकीकाची धारदार कपची. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत हा दगड तयार होतो, आणि महाराष्ट्रातल्या अश्मयुगीन माणसाच्या बारीक हत्यारांतही तो भरपूर आहे. पन्हळीतून कपची मागे-पुढे, मागे-पुढे. पाण्याचे थेंब सोडत राहायचं, कपची बोथटली की दुसरी घ्यायची. घाई केली तर कपची निसटते आणि अंगठ्यात शिरते. एक बाजू झाली की नळी उलटून पुन्हा तेच. सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि सगळं कौशल्यही इथेच. दोन्ही खाचा आतल्या पोकळीपर्यंत पोचल्या, की लाकडी पाचर ठेवून हलके ठोके द्यायचे. नळी उभी दुभंगते.

मग येतो पाटा. टाकी लावलेल्या जुन्या पाट्याच्या तुकड्यावर ओली वाळू पसरून अर्धी नळी तिरकी घासली जाते. सांध्याकडचा गोळा तसाच ठेवतात. मुठीत तो छान बसतो. काम ओलंच करायचं, कारण हाडाची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट. विजेच्या ग्राइंडरवर हाड तापतं, करपतं आणि जळक्या केसांचा वास सोडतं. शेजारी दार ठोठावतात ते वेगळंच.

बाणाच्या टोकासाठी दोन्हीकडचे सांधे काढून नळीच्या भिंतीची लांब फाक घेतात. तिची दोन्ही टोकं निमुळती करून एक बाजू वेताच्या काडीत राळ आणि मेणाने बसवायची, वरून सूत गुंडाळायचं. धारेत हाड दगडाची बरोबरी करत नाही. पण ते खोल घुसतं, सहसा फुटत नाही, आणि बोथटलं तर पुन्हा घासता येतं.

सांबरशिंग याहून सरस, असं कुणीतरी सुचवतंच. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जंगलात गळून पडलेलं शिंगही उचलून घरी आणता येत नाही. विषय संपला.

असली हत्यारं भारतात कुठे सापडली, हे पाहिलं की कोकणाबद्दल एक शंका मनात येते. 1880च्या दशकात रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी कर्नूल परिसरातल्या बिल्ला सुर्गम गुहा खणल्या, तेव्हा हाडांच्या वस्तू हाती लागल्या. त्याच भागातल्या मुच्छटला चिंतामणु गवी या गुहेत पुढे हाडांच्या हत्यारांचा मोठा साठा निघाला; तिचा काळ सुमारे 17 हजार वर्षांपूर्वीचा. त्या गुहा चुनखडीच्या. चुनखडीत हाड टिकतं. गंगेच्या मैदानात महदहाला हाडांची बाणटोकं मिळाली, आणि तिथे तर जवळपास दगडच दुर्मीळ.

खाडीपलीकडे साष्टीत 1930च्या दशकात के. आर. यू. टॉड यांनी कांदिवली आणि किनाऱ्यालगतच्या जागांवरून दगडी हत्यारं गोळा केली. हाडाची आरी तिथल्या माणसाकडेही असणार, असं वाटायला पुष्कळ वाव आहे. शिकार होती, मासे होते, कातडी शिवायची होती. पण कोकणचा धो धो पाऊस आणि आम्लधर्मी माती उघड्यावरच्या हाडाला फार काळ राहू देत नाही. संग्रहालयाच्या कपाटात म्हणून कपच्या येतात, आणि त्यांनी काय चिरलं ते येत नाही.

त्याचा माग कपच्यांच्याच धारेवर शोधता येतो. हाड चिरताना धारेचे बारीक टवके उडतात आणि विशिष्ट झिलई चढते. कातडं किंवा वेत कापल्यावर झीज वेगळी दिसते. प्रायोगिक पुरातत्त्वात आज केलेल्या कामाची झीज सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या हत्यारांवरच्या झिजेशी ताडून पाहतात. नेरुळचे गृहस्थ म्हणून बोथट कपच्या फेकत नाहीत. कोणत्या कपचीने हाड चिरलं आणि कोणतीने वेत, याची चिठ्ठी घालून त्या पुड्यांत बांधून ठेवतात.